दसऱ्याला फोल्डर गेलं तवा

फोल्डर न्हाय. परत दाबलं, परत न्हाय. पडद्यावर लाल फुली आन् खाली एक इंग्रजी ओळ, सापडत न्हाय आसंच कायतर. सगळ्या शाळांच्या बिल्ल्यांची डिझाईनं त्या फोल्डरात, आन् मागं मालक उभे, कपाळाला कुंकू, हातात परसाद, भरतकामाचं मशीन कवा सुरू हुतंय बगत. माजी पोरगी टेबलाखाली झोळीत झोपल्याली, ती बी नेमकी तवाच उठली.

"काय झालं गं?"

"फोल्डर दिसंना मालक."

"काल पूजा कुणी केली?"

पूजा मीच केलती. आमचा युनिफॉर्मचा कारखाना, खंडेनवमीला सगळं बंद करायचं, वायरी काढायच्या, मशीन पुसायचं, कम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचं फूल. वायफायची पांढरी डबी हाय, राउटर म्हणत्यात, तिची बी वायर काढून मी कुंकू लावलं. तिला एकटीला का वगळायचं?

मशीनवरचा मास्तर मालकांच्या मागनं बोलला. त्याला मी दादा म्हणायची. "वैनीनं कायतर दाबलं आसंल मालक. उडालं आसंल समदं. सातवी शिकल्याल्या बाईच्या हातात कम्प्युटर दिल्यावर आनि काय व्हणार."

मी म्हणलं, मी कायबी दाबलं न्हाय. पण पोरगी रडाय लागल्याली, कुणी ऐकूनच घेतलं न्हाय.

डिझाईनं माज्या कम्प्युटरात नसत्यात, मास्तराच्या बी न्हाय. आमच्या दोगांच्यात विंडोज हाय. डिझाईनवाल्या काकांच्या कम्प्युटरात दुसरंच हाय, लिनक्स म्हणून, त्यात व्हायरस शिरत न्हाय म्हणून समदं तितं ठेवल्यालं. आमी हितं बसून त्यांच्या फोल्डरातनं घ्यायचं. आन् काका सणाला गावी, नातेपुत्याला.

मालक म्हणले, "संध्याकाळपर्यंत सापडलं तर बरं, न्हायतर उद्यापासनं येऊ नको. ती झोळी बी सोडून ने."

झोळी सोड म्हणल्यावर मी पोरीला उचलून छातीशी धरलं. कुंभारीला, माज्या घरी, पोरीला बगाय कुणी न्हाय. पोरीला घिऊन ये म्हणणारा हा एकच कारखाना. दुसरीकडं दोन ठिकाणी इचारलवतं, पोर बगूनच न्हाय म्हणले. दिवसभर मी त्या लाल फुलीकडं बगत बसले, जेवले न्हाय.

पाच वाजता मास्तर चहाचा कप घिऊन आला. काकांच्या कम्प्युटरवर कोपऱ्यात एकदा दाबलं, कायतर बगितलं, मग माज्या कम्प्युटरवर येऊन फोल्डरच्या पत्त्यात बाराच्या जागी सात लिवलं. बास. फोल्डर आलं. चहा आजून गरम हुता त्याचा.

"वाचिवलं बग मास्तरानं तुला," मालक म्हणले, "पाया पड त्याच्या."

मी पडले.

काका परत आले, तवा मी भीत भीत इचारलं, काका, मी खरंच उडवलवतं का? काका हसले. "आगं कुटलं काय. ती पांढरी डबी बंद करून चालू केली की सगळ्या कम्प्युटरला नवे नंबर वाटती. माजा बारा हुता, सात झाला. तुजा कम्प्युटर आपला बाराच्याच दारात हाका मारत बसला. गेल्या साली दसऱ्याला बी हेच झालं की, तू कामाला लागायच्या आदी. मास्तराला मीच शिकवलंय."

म्हंजे त्याला म्हाईत हुतं. सकाळपासनं म्हाईत हुतं. माज्या खुर्चीवर त्याला मेव्हणी बसवायची हुती, हे कटिंग खात्यातल्या बायका कवापासनं बोलत हुत्या, मलाच खरं वाटत नव्हतं. आन् मी पाया पडले त्याच्या. रात्री पोरीला पाजताना बी माजं कपाळ जळायचं, जितं त्याच्या पायाला लागलवतं तितं.

काका म्हणले, "कायमचा एकच नंबर ठरवून टाकू का? परत ही कटकट नको."

मी म्हणलं, "दिवाळीनंतर बगू की काका." आन् वर म्हणलं, "तुमच्या कम्प्युटरवर कुणीबी येऊन बसतंय, कुलूप घाला की त्याला." काकांनी पासवर्ड टाकला. मला तेवढा सांगितला, लागला तर आसू दे म्हणून. भोळं माणूस.

लक्ष्मीपूजनाला मालकांनी मला हात लावू दिला न्हाय. "मास्तर करंल पूजा." मास्तरानं केली, बायकोला बी आणली, वायरी काढल्या, डबीला कुंकू लावलं. मी पोरीला घिऊन दारात उभी, बगत.

पाडव्याला मी समद्यांच्या आदी आले. मशीनं चालू केली, काकांचं कुलूप उघडलं, नंबर बगितला, चार. कुलूप परत लावलं आन् कटिंगला जाऊन धागं तोडत बसले.

मग ऐकू आलं. "मालक, फोल्डर दिसंना."

मास्तर काकांच्या कम्प्युटरकडं गेला, तितं पासवर्ड. काका दिवाळीला बी गावीच, त्यांना फोन लावला, घरच्यांनी उचलला, ते मोटर बगाय रानात गेल्याले, फोन घरातच. बारा टाकून बगितलं, सात टाकून बगितलं. मुहूर्ताचा माल आडकलेला. मालक म्हणले, "पूजा तूच केलती न्हवं? संध्याकाळपर्यंत चालू कर, न्हायतर उद्यापासनं येऊ नको."

तीच वाक्यं. माज्या अंगावर काटा आला, लई बरं वाटलं.

दुपारी तो माज्यापाशी आला. "वैनी, तुला काय म्हाईत हाय का? काका तुज्याशी बोलत्यात."

"सातवी शिकल्याली बाई मी दादा. मला काय कळतंय."

पाच वाजता चहा आला. मी माजा कप घिऊन उठले, काकांचं कुलूप उघडलं, मालकांना म्हणलं हा चार बगा, आन् मास्तराच्या कम्प्युटरवर चार लिवलं. फोल्डर आलं. मग म्हणलं, "दसऱ्याला बी एवढंच झालतं मालक. दादांना म्हाईत हुतं. काकांना इचारा."

मालकांनी काकांच्या घरी परत फोन लावला, काका रानातनं आल्याले, त्यांनी हुय म्हणून सांगितलं. मालकांनी मलाच इचारलं, "तुला घालवाय निगालवता ह्यो. आता तूच सांग, ठिवू का काढू?"

तवा मला दिसलं, त्याच्या शर्टाच्या बाहीवर रांगोळीचा एक बारका हात उठल्याला, गुलाबी. त्याची बी पोरगी माज्या पोरीएवढीच हाय.

मी म्हणलं, "काढा."

त्याची मेव्हणी आली न्हाय, पण तो अजून कुंभारीच्या फाट्यावर दिसतो, मी पोरीला पदरात घिऊन भराभर चालते, मागं बगत न्हाय. पासवर्ड मला सकाळपासनं म्हाईत हुता, मग दिवसभर गप का बसली, हे मालकांनी आजून इचारलं न्हाय. मालक मागं येऊन उभे राहिले की वाटतं, आता इचारत्यात. पण त्या पायाची आठवण आली की वाटतं, बरंच केलं. मग तो गुलाबी हात दिसतो.

तुमी पाया पडला आसता, आन् मग तुमच्या हातात तो चार नंबर आला आसता, तर तुमी काय केलं आसतं?