गाडीचं तोंड बाहेर

ओल्या चादरीचं एक टोक दोरीवर चढलं होतं आणि दुसरं काकूंच्या हातात होतं, तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. स्वारी आली होती. आता जगातली सगळी कामं थांबणं भाग होतं, कारण काका गाडी उलटी आत घेणार होते.

काकांचं एक तत्त्व होतं: गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे हवं. "अगं, अचानक निघायची वेळ आली तर?" पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला अचानक कुठे बोलावणं येणार होतं, ते देवालाच ठाऊक. घरातून निघताना चष्मा शोधणं, गॅस बघणं आणि कुलूप ओढून पाहून पुन्हा ओढणं यातच अर्धी सकाळ जायची. पण गाडी मात्र सदैव सज्ज! बाजारात बाकीचे लोक सरळ आत शिरून भाजी घेऊन घरी पोचायचे, तरी काकांचं मागे-पुढे चालूच असायचं. काकू मागे उभ्या राहून सगळ्या रस्त्याच्या शिव्या झेलायच्या.

दोघांची खूण ठरलेली होती. डिकीवर एक थाप म्हणजे या, दोन थापा म्हणजे थांबा. हाका मारून उपयोग नव्हता, काकांना हल्ली कमी ऐकू यायचं. अर्थात काकांच्या मते लोकच हल्ली हळू बोलायला लागले होते.

मागच्या वेळी दार खरचटलं, तेव्हा लेकीनं बजावलं होतं, "बाबा, आता एक जरी ओरखडा दिसला तरी किल्ली माझ्याकडे." काकांना तो अपमान वाटला. काकूंना मात्र वेगळीच काळजी लागली. त्यांची थोरली बहीण, आक्का, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेली होती आणि तिकडे बस जात नव्हती. गाडी गेली की दर गुरुवारची आक्काची भेटही गेली.

म्हणून काकू काचेशी वाकून म्हणाल्या, "अहो, आजच्या दिवस सरळ या ना आत. माझी चादर लोंबतेय."

"तू चादर सांभाळ, स्टिअरिंग मी सांभाळतो."

दोरीवरून घसरलेली चादर काकूंनी हाताला गुंडाळली आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी फाटकाच्या खांबाजवळ आली. काकूंनी मोकळ्या हाताची थाप दिली, लगेच दुसऱ्या हाताची. ती थाप ओल्या चादरीतच विरली. काकांनी एकच ऐकली. एक म्हणजे या. काका आले. मागच्या दिव्याचा चुरा झाला.

"एकच थाप दिलीस तू!"

"दोन दिल्या."

"मग दुसरी कुठे गेली?" काकांनी आवाज खाली आणला. "लेकीला सांग, बाजारात कुणीतरी ठोकून पळालं."

"सकाळीच देवापुढे हात जोडलेत मी. संध्याकाळी खोटं बोलायला लावू नका."

संध्याकाळी लेक आली. तिनं दिवा पाहिला, आईच्या तोंडून सगळं ऐकलं आणि हात पुढे केला. काकांनी किल्ली दिली, तीही ताठ मानेनं. "गाडीचं तोंड बाहेरच आहे. बघ, कशी झटकन निघेल!"

खरंच झटकन निघाली असती. आजवरची तत्त्वाची सगळी मेहनत अखेर या एका कामी येणार होती.

"आणि आक्का?" काकूंनी विचारलं.

"या गुरुवारी मी नेते गं आई. पुढचं पुढे बघू."

ते 'पुढे' काकूंना चांगलंच कळलं. "किल्ली इकडे दे," त्या म्हणाल्या.

"तुला कुठे चालवता येते?"

"शिकेन. इतकी वर्षं मागे उभी राहून गाडी लावतेय, आता आत बसून लावीन."

लेक हसली, पण किल्ली आईच्या हातात पडली. काकांनी लगेच सल्ला दिला, "आधी रिव्हर्स शिकवा म्हणावं."

"आधी आक्काकडे पोचण्यापुरतं शिकते."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाकून काकू निघाल्या. लायसन्ससाठी फोटो काढायचे होते, मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायचं होतं.