बाले, बाले

आज रस्त्यावर कुणीतरी पिवळ्या रंगाने बाण काढलेला दिसला आणि स्पेनमधली ती यात्रेची वाट पायांत सळसळली. तिथे असे बाणच वाट दाखवतात. एका फाट्यावर मला बाण सापडेना. शाळा सातवीत सुटलेली, तिथली भाषा येत नाही, सोबत कुणी नाही. मी खुणेनेच वाट विचारली. शेतातली एक म्हातारी डावीकडे हात करून म्हणाली, "बाले, बाले."

मला ऐकू आलं, बाळे. घरापासून इतक्या लांब मला कुणीतरी बाळे म्हणत होतं. "येते हो आजी," मी मराठीतच म्हणाले आणि जवळजवळ पळतच सुटले.

"अगं, बाले म्हणजे नुसतं 'ठीक आहे'," मुक्कामी भेटलेल्या नागपूरच्या काकू हसून बेजार झाल्या.

असेल. पण नुसतं 'ठीक आहे' ऐकून मी एवढी पळाले नसते.