शनिदर्शनाची रांग

विद्यापीठाच्या वेधशाळेचा वर्धापनदिन म्हणून त्या संध्याकाळी ती सर्वांसाठी खुली होती. निमंत्रणातला ‘शनिदर्शन’ हा शब्द बदलून ‘शनिनिरीक्षण’ करावा, असे मी नियोजनाच्या बैठकीत सुचवले होते. आयुष्यभर भाषा शिकवल्यामुळे शब्द काय करून बसेल हे मला आधी दिसते. पण माझा आवाज टेबलापलीकडे पोहोचत नाही. शिवाय निवृत्तीनंतर आकाश शिकू लागलेल्या बाईने या जाणत्या मंडळींना काय सांगावे, असेही मनात होतेच. शब्द तसाच छापला गेला.

आणि लोक दर्शनालाच आले. अंगणातल्या लहान दुर्बिणीवर माझी नेमणूक होती. माणसे चपला काढत, भिंगाला डोळा लावत आणि निघताना दुर्बिणीच्या नळीला हात लावून तो कपाळी नेत. तेवढ्याने नळी हले आणि शनी निसटे. मी वाकून त्याला पुन्हा शोधी. ‘कृपया नळीस स्पर्श करू नये,’ हे माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. ऐकत कोणी नव्हते. एका तरुणाने तेल कुठे वाहायचे, असे विचारले. तो थट्टा करत होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी वाट पाहत होते ती दादाची. माझा हा थोरला भाऊ कारंजाला किराणा दुकान चालवतो. माझ्या नव्या नादाची त्याने फोनवर यथेच्छ टिंगल केली होती. ‘लोकं रिटायर होऊन नातवंडं सांभाळते, तू शनी सांभाळून राह्यली.’ शनीभोवतीचे कडे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, की उत्तराची गरजच उरणार नाही, अशी माझी समजूत होती. म्हणून आग्रहाने बोलावले. दुकान लवकर बंद करून तो खरोखर आला आणि निमूट रांगेत उभा राहिला.

त्याच्या पुढच्या बाईंनी नळीवर दोन्ही हात टेकून नमस्कार केला. मी सावरायला वाकणार, तोच दादा भिंगावर झुकला. त्याला थांबवायचे होते. शब्द ओठांवर येईपर्यंत त्याचे पाहून झाले होते, हातही जोडून झाले होते.

‘दिसला?’ मी विचारले.

‘दिसला ना.’

‘कसा होता?’

‘काळा. शनी काळाच असते ना, बाई.’

मी घाईने डोळा लावला. आत नुसता अंधार होता. नळी हळूहळू सरकवल्यावर शनी सापडला: पिवळसर, बारीक कडे ल्यालेला. ‘दादा, तो शनी नव्हता. परत ये,’ मी म्हटले, माझ्या मानाने मोठ्यानेच. एकाच माणसाला किती वेळ, असे मागून कोणी तरी विचारले. दादा चपला घालत होता.

‘झालं दर्शन. लोकायले पाहू दे.’

मी आणखी काही बोलणार, एवढ्यात पुढच्या गृहस्थांनी वाकताना नळीचाच आधार घेतला. फाटकापाशी दादा वहिनीला फोनवर सांगत होता, की बहिणीने खास बोलावून शनी दाखवला, मोठी हुशार आहे ती. असे त्याने याआधी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. मी दुर्बीण सोडून त्याच्यामागे जाऊ शकत नव्हते, आणि हे कौतुक मला नको होते.