ट्यूबलाइटखालचा मरून

आमच्या दाजींना मोटरसायकल नीट चालवता येत नाही, हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात पक्कं ठरलेलं होतं. लग्नकार्यात त्यावरून त्यांची थट्टा व्हायची आणि तेही मान खाली घालून हसायचे. खरं तर त्यांच्याइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस मी सुरतेत दुसरा पाहिला नाही.

ताईचं लग्न ठरताना दाजींच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मोटरसायकलची गोष्ट काढली होती. बाबा लूमवर काम करणारे, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा दाजीच म्हणाले की गाडी मी माझी घेईन, मला सासऱ्याकडून नको. पुढे बमरोलीच्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम करत त्यांनी ती घेतलीही. मरून रंगाची होती. दर रविवारी ताईला मागे बसवून ते भेस्तानहून गोडादऱ्याला आमच्याकडे यायचे. आई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. बाबा मात्र त्या गाडीकडे सहसा बघत नसत. जे आपण द्यायला हवं होतं ते दारात उभं आहे, असं त्यांना वाटत असावं.

एका उन्हाळ्यात दाजींच्या चुलतभावाचं लग्न निघालं. दोघं खान्देशात गावी गेली आणि जाताना गाडी आमच्याकडे ठेवून गेली, कारण भेस्तानच्या त्यांच्या चाळीत रात्रीत पेट्रोल गायब व्हायचं. दाजींनी चावी माझ्या हातात दिली. "मधूनमधून किक मारत जा," एवढंच म्हणाले. चालवू नको असं म्हणाले नाहीत. मी त्याचा सोयीचा अर्थ लावला.

मी तेव्हा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये शेड मॅचिंगला होतो. व्यापारी साडीचा तुकडा पाठवायचा, आणि हुबेहूब तसा रंग कापडावर उतरवायचं आमचं काम. डोळा चांगला होता माझा, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. गाडी घेऊन मी सगळीकडे मिरवलो. शेवटी बमरोलीला गेलो. तिथे रस्त्यावर मिलचं पाणी वाहत होतं. मी एका हाताने केस सारखे करत वळण घेतलं आणि पाण्यावरून गाडीसकट आडवा झालो. समोरच्या टपरीवरच्या चहावाल्याने धावत येऊन मला उठवलं. मला फक्त खरचटलं. टाकीच्या डाव्या अंगाचा रंग मात्र वीतभर सोलून आतला पत्रा दिसायला लागला.

पहिला विचार आला तो बाबांचा. त्यांना कळलं असतं तर मला बोलले असते, ते मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी जावयापुढे हात जोडले असते, आणि ते मला बघवलं नसतं. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. माझं स्वतःचं नाक कापलं जाईल ही भीती त्यात निम्मी तरी होतीच.

रंगाच्या दुकानात टाकी दाखवली तर दुकानदार म्हणाला, "मरून तो मळशे भाई, पण आ मरून नहीं मळे." हुबेहूब तोच मरून मिळणार नाही हे ऐकून मला उलट बरं वाटलं. मिळवायचाच तर आपण मिळवू. मरून, काळा, लाल आणि थोडा निळा असे छोटे डबे घेतले. एक मित्र गावी गेला होता, त्याच्या खोलीची चावी माझ्याकडे होती. टाकी तिथे नेली आणि घरी उरलेल्या गाडीवर जुनी चादर टाकली. बाबा चादर उचलून बघणाऱ्यांतले नव्हतेच.

मित्राच्या खोलीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. दार उघडं ठेवलं की रुईचे तंतू आत येऊन ओल्या रंगावर चिकटणार. म्हणून दारं-खिडक्या लावून भरदुपारी ट्यूबलाइट लावली. पॉलिश पेपरने घासलं, पुट्टी भरली, प्राइमर मारला आणि रंग मिसळायला बसलो. पत्र्याच्या तुकड्यावर बोट फिरवायचं, वाळू द्यायचं, टाकीशेजारी धरायचं. लाल जास्त झाला, काळा दोन थेंब. अगदीच मेला, लाल परत. घामाने निथळत होतो, पण खोटं कशाला सांगू, मजा येत होती. शेवटी पत्रा टाकीवर ठेवला आणि तो कुठे संपतो ते दिसेना. डास मारायच्या पंपाने रंग फवारला. वाळल्यावर मी त्या टाकीकडे पोटच्या पोराकडे बघावं तसा बघत बसलो.

आमचे मिलमधले डाइंग मास्तर एक गोष्ट रोज सांगायचे. "ट्यूब के नीचे तो सब कुछ मिल जाता है. बाहर ले जाके देख." शेड दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय पास करायची नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो इतरांना शिकवत असे. पण टाकी उन्हात धरायची म्हणजे गल्लीत धरायची, आणि गल्लीत धरली तर बाबांच्या कानावर जायला वेळ लागला नसता. मी ती गोणपाटात गुंडाळून घरी आणली आणि दिवेलागणीला बसवली. दाजी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी येऊन गाडी घेऊन गेले. काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी दाजी एकटे आले आणि ताईला बरं नाही म्हणाले. नंतर तेही येईनासे झाले. आई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून परत यायची. पोरीला सासरी त्रास आहे की काय, असं तिने मनाशी धरलं आणि तिचं जेवण तुटलं. मग बाबांनी मला भेस्तानला पिटाळलं.

सकाळचं लख्ख ऊन होतं. चाळीच्या अंगणात गाडी उभी होती, डावं अंग माझ्याकडे. टाकी मरून होती आणि तिच्यावर वीतभर जांभळट तपकिरी डाग होता, साडीला लावलेल्या ठिगळासारखा. आंधळ्यालाही दिसला असता. मी तिथेच थबकलो. दाजी दारात आले.

"ऊनमा काब्रं उभा शे? मजार ये," ते मला आत बोलवत म्हणाले. मी हललो नाही तसे जवळ आले, टाकीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "रंग भारी जमाडा तू. ऊनमा तेवढा दखाडू नको."

बमरोलीचा तो चहावाला दाजींच्याच मिलच्या फाटकासमोरचा होता. मी पडलो हे त्यांना गाडी परत नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून कळलं होतं. त्याच सकाळी त्यांच्या आईने डाग पाहून विचारलं, तर दाजींनी सांगून टाकलं की आपणच पडलो. झालं. त्यांच्या आईने फर्मान काढलं की असल्या गाडीवर सुनेला बसवायचं नाही. ताईला तेव्हा दिवस गेले होते. बस बदलत येणंही बंद. माझ्या डागाने ताईचं माहेर तोडलं होतं.

"मी सांगतो तुमच्या आईंना," मी म्हणालो.

"सासूबाईंकडून बाबांना कळायला किती वेळ लागेल, असं हे म्हणतात," ताई आतून म्हणाली. "बाबा मग या दारात पाय ठेवणार नाहीत. ह्यांनी मला शपथ घातली आहे, म्हणून मी तुला काही बोलत नाही." एवढं म्हणून ती चहा ठेवायला वळली. मनातून मात्र मी सुटलो होतो, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला अजून आहे.

घरी येऊन मी आईबाबांना तेवढंच सांगितलं, जेवढं दाजींनी सांगितलं होतं. दाजी पडले, म्हणून ताईला गाडीवर पाठवत नाहीत. बाबांनी विचार केला आणि त्यांना तोडगा सापडला. आम्ही दोघं विहीणबाईंकडे गेलो. "मना पोऱ्या जपीसन चालाडस," बाबा म्हणाले, "तो बहीणले ली येई." दाजींच्या आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पसंत केलं. "भाऊना मांगे बठीसन जाऊ दे."

तेव्हापासून दर रविवारी मी बसने भेस्तानला जायचो, दाजींच्या हातून चावी घ्यायचो आणि ताईला घेऊन यायचो. तो डाग माझ्या डाव्या गुडघ्यापाशी असायचा. दाजी आपल्याच गाडीच्या मागून बसने यायचे आणि फाट्यावर उतरून उन्हात चालत गोडादऱ्याला पोचायचे.

एका रविवारी ते घाम पुसत आले तेव्हा बाबा दारात गाडीजवळ उभे होते. कधी नव्हे ते टाकीकडे निरखून बघत होते.

"जावईबापू, कोन्ता येडानी लाया हाऊ रंग?" बाबा म्हणाले. "पोऱ्याले सांगतात ना. शेडवाला शे तो." मग जरा थांबून, आवाज मऊ करून, जावयाला लागू नये अशा बेताने माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आनि गाडी दमानं चालावानी. यान्हा गत."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो मामा," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.