सिंफनीत खेकसणारी बाई

आधीच सांगते, हसायचं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. चूक माझीच निघाली, म्हणून काय रागवायचं पण नाही?

आमच्या ह्यांच्या जुन्या कॅसेट. गेल्या शतकातल्या सिंफनी, एका नामांकित कंडक्टरच्या, भरल्या सभागृहातल्या, लाइव्ह! कंडक्टर म्हणजे बसमधला नव्हे हो, शंभर वादकांसमोर काडी हलवतो तो. लग्नानंतर ह्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून एकेक भरून घेतलेल्या. आता त्या झिजल्या, आणि हे हळहळत बसायचे. म्हटलं, निवृत्तीच्या दिवशी पेनड्राइव्हच हातात द्यावा. गुपचूप इथल्या अग्रहार भागातल्या, कॅसेट पेनड्राइव्हवर भरून देणाऱ्या दुकानात नेऊन दिल्या.

पेनड्राइव्ह आला. दुपारी हे आत झोपलेले, म्हणून टीव्हीला लावून अगदी बारीक आवाजात ऐकला. सगळी वाद्यं थांबतात, एकटी बासरी उरते, आणि मध्येच कोण बाई खेकसते! शब्द कळेनात, खेकसणं मात्र कळलं.

माझं डोकंच फिरलं. ऑटो करून तडक दुकानात! गिऱ्हाइकं होती. असू देत!

"तुमच्या घरातली भांडणं आमच्या सिंफनीत कशाला भरली?"

"अम्मा, माझं लग्नच नाही झालं!"

"मग कोण ही भसाड्या गळ्याची? ते बिचारे जीव ओतून वाजवतात, आणि ही मध्ये तोंड घालते?"

त्यानं मोठ्या स्पीकरवर तेवढाच भाग लावला. बासरी. आणि मग दुकानभर...

"अहो, साकु आता ते रडगाणं! सारु आटलं, उठा की!"

माझाच आवाज. तीस वर्षांपूर्वीचा!

"साकु म्हणजे पुरे, ते कळलं. सारु म्हणजे सार, ते पण आमचं कानडीच," दुकानदार म्हणाला. "बाकी कुठली भाषा, अम्मा?"

"मराठी," मी पुटपुटले.

"काढून टाकू काय तिला? पण बासरी पण जाईल."

काय करणार? बासरीसाठी त्या बाईला ठेवली.

निवृत्तीच्या दिवशी घरभर पाहुणे. पेनड्राइव्ह देऊन मी स्वैपाकघरात लपले. बाहेर हे तो टीव्हीला लावून सांगत होते, "श्श! बासरीनंतर एक बाई येते. तीस वर्षांत एकदा पण उशीर केला नाही तिनं."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं चवीनं ऐकत होते! असा संताप आला, तशीच डाव घेऊन दारात गेले आणि ओरडले, "अहो, साकु आता ते रडगाणं! सारु आटलं, उठा की!"

टीव्हीतली ती आणि दारातली मी. एकाच दमात, एक अक्षर मागेपुढे नाही.

ह्यांनी हातातला चमचा कंडक्टरच्या काडीसारखा हवेत फिरवून अलगद खाली आणला आणि पाहुण्यांना म्हणाले, "ह्याला म्हणतात लाइव्ह!"