बॅटऱ्या गेल्या, दिवे राहिले

घरात लाइट गेली की इतर माणसे मेणबत्ती शोधतात. मला लखनऊची एक केस आठवते. नोकरीत खून, दरोडे, अपहरणे बरीच पाहिली आणि त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. या केसमध्ये कुणाला साधे खरचटलेही नव्हते, पण ती जशीच्या तशी लक्षात राहिली आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सहायक पोलीस अधीक्षक होतो. मानक नगरच्या बाजूची काही ठाणी माझ्या देखरेखीखाली होती. मुलाच्या शाळेमुळे पत्नी साताऱ्यात राहत असे, त्यामुळे बंगल्यात मी, एक आचारी आणि भरपूर सरकारी फर्निचर एवढेच होतो. लखनऊचे लोक फार अदबीने बोलतात. ठाण्यातसुद्धा संशयिताला ‘आप’ म्हणतात. ‘आप ज़रा लॉकअप में तशरीफ़ रखिए’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे.

त्या भागात एक सरकारी केंद्र होते. सूर्य, वारा, गोबरगॅस यांपासून किती वीज तयार होते आणि किती वापरली जाते, हे मोजून दिल्लीला कळवणे हे त्याचे काम. शहराबाहेरच्या एका छोट्या गावात केंद्राने सौर पॅनेल बसवले होते. दिवसा पॅनेल बॅटऱ्या भरायचे, संध्याकाळी त्या बॅटऱ्यांवर गावातले दिवे लागायचे. पॅनेलजवळचा एक मीटर किती वीज आली ते सांगे, दिव्यांकडे जाणाऱ्या तारेवरचा दुसरा मीटर किती खर्च झाली ते सांगे. या प्रकल्पाचे उद्घाटन मंत्रिमहोदयांनी भर दुपारी बारा वाजता, तेलाची समई पेटवून केले होते. आता वर्षपूर्तीला ते पुन्हा येणार होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात केंद्राच्या संचालकांनी लेखी फिर्याद दिली. रविवारी दुपारी गावातल्या बॅटरीघरातून सगळ्या बॅटऱ्या चोरीला गेल्या होत्या. कुलूप तोडलेले नव्हते. किल्ल्या दोनच, एक गावातल्या ऑपरेटरकडे, दुसरी मोजमाप विभागाच्या इंजिनिअरकडे. ऑपरेटर त्या दुपारी एका लग्नात पंक्तीला वाढत होता, साक्षीदार अख्खी वरात. फिर्याद नोंदवून मुन्शीने लेखणी खाली ठेवली आणि निनावी फोन आला: इंजिनिअरला विचारा, तो दर रविवारी रिक्षाने चारबाग स्टेशनवर जातो.

इंजिनिअर मराठी होता, अमरावतीकडचा. पन्नाशी उलटलेली, पत्नी वारलेली, मुलगी बंगळुरूला. ठाण्याच्या दरोगाजींनी, म्हणजे फौजदारांनी, त्याच्या क्वार्टरची झडती घेतली. दोन पातेली, एक खुर्ची, भिंतीवर कालनिर्णय. माल काही मिळाला नाही, पण दरोगाजींचा सिद्धांत तयार होता.

“स्टेशन पर क्या करते हैं हर इतवार? पुर्ज़े बाहर भेजते हैं, सर.”

संचालक मला दोनदा भेटले. मंत्री यायच्या आत अटक झाली तर बरे, हे त्यांनी चांदीच्या वाटीतल्या मलईसारख्या मऊ शब्दांत सांगितले. निनावी फोन करणारा घाईत असतो आणि फिर्यादीसुद्धा घाईत असतो, तेव्हा आपण सावकाश चालावे, हे मी तोवर शिकलो होतो. चौकशी मी स्वतः घेतली.

दरोगाजींना बाहेर बसवून मी मराठीत सुरुवात केली. तो माणूस खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, “तुम्ही साताऱ्याकडचे का साहेब? ‘बसा की’ म्हणालात म्हणून विचारलं.” मलाही किती महिन्यांनी कुणी असे ओळखले होते. पण मी त्या खुर्चीवर गप्पा मारायला बसलो नव्हतो.

चोरीबद्दल त्याला काही ठाऊक नव्हते. मात्र मोजमापाबद्दल विचारल्यावर तो सरळ बसला. दोन-तीन महिन्यांपासून त्या गावात तयार होणाऱ्या विजेपेक्षा खर्च होणारी वीज जास्त येत होती. दोन्ही मीटर त्याने बदलून पाहिले, तरी तेच. संचालकांना सांगितले, तर त्यांनी सुचवले की खर्चाचा आकडाच उत्पादनाच्या जागी टाका. वीज खर्च झाली म्हणजे कुठेतरी तयार झालीच असणार. याने नकार दिला.

“अशा गावांची बेरीज होऊन देशाचा आकडा होतो, साहेब. बेरीज करणाऱ्याला गाव दिसत नाही. मोजणाऱ्यानंच हात मारला तर मग मोजायचं कशाला?”

“आणि रविवारी दुपारी कुठे होतात?”

तो खाली बघू लागला. मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, “स्टेशनवर.” कशासाठी, हे काही सांगेना. मी त्याला समजावले की हे उत्तर अर्धवट राहिले तर मला अटक करावी लागेल, निलंबन होईल आणि निवृत्तीला थोडी वर्षे उरलेला माणूस चोर म्हणून घरी जाईल. खोटे बोलणारा माणूस लगेच काहीतरी बोलतो. हा लाजत होता. चोरीपेक्षा जास्त लाज कशाची वाटते, ते मला कळेना. मी त्याला घरी पाठवले आणि शहर न सोडण्याची ताकीद दिली. दरोगाजी अदबीने नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या गावी गेलो. बॅटरीघर पाहायचे, ऑपरेटरचा जबाब घ्यायचा, एवढाच बेत होता. जीपमधून उतरलो तेव्हा अंधार पडू लागला होता. गावात खांबाखांबावर दिवे लागले होते. दारात बसलेल्या बाया त्या उजेडात भाजी निवडत होत्या. मी बॅटरीघर उघडून पाहिले. रिकामे होते. बाहेर आलो. दिवे चालूच होते.

ऑपरेटर तिशीतला, अंगात लग्नातलाच सफारी. मी त्याला विचारले, बॅटऱ्या रविवारी गेल्या, मग हे दिवे कशावर चालतात? त्याने वर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “थोड़ी-बहुत तार में बची रहती है, साहब।”

मी काही बोलणार तेवढ्यात शेजारच्या मोठ्या गावाची वीज गेली. तिकडच्या शेतपंपांवरचे दिवे विझले आणि त्याच क्षणी, जणू एकाच फुंकरीने, या गावातले सूर्याचे दिवेही विझले. कुणी दचकले नाही. एक बाई भाजीचे ताट उचलत म्हणाली, “लो, गई।” ऑपरेटर अंधारात माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला टॉर्चच्या प्रकाशात तारेचा माग दाखवायला सांगितले तेव्हा तो रडायलाच लागला.

उत्तर प्रदेशात विजेच्या खांबावर आकडा टाकून चोरून वीज घेतात, त्याला कटिया म्हणतात. मी असंख्य कटिया पाहिल्या. सगळ्या सरकारी वीज घरात नेणाऱ्या. सरकारी वीज चोरून सूर्याच्या नावावर जमा करणारी ही एकच. पंपाच्या लाइनवरून तार आणून पॅनेलच्या मीटरच्या पुढे आणि दिव्यांच्या मीटरच्या मागे जोडली होती. म्हणून उत्पादनाला ती दिसत नव्हती, खर्चाला दिसत होती. इंजिनिअरचे दोन्ही मीटर खरे बोलत होते.

ठाण्यात ऑपरेटरने सगळे सांगितले. बॅटऱ्यांत शुद्ध पाणी टाकण्याचे पैसे वरून कधी आलेच नाहीत. उन्हाळ्यात त्या कोरड्या पडून मेल्या. संचालकांचा हुकूम होता की दिवे बंद दिसता कामा नयेत. पुढे इंजिनिअर आकड्यांवर अडून बसला, मंत्र्यांची तारीख ठरली, आणि मेलेल्या बॅटऱ्या कुणी उघडून पाहण्याआधी चोरीला जाणे सोयीचे झाले. लग्नाला जाण्यापूर्वी ऑपरेटरने आपली किल्ली संचालकांच्या ड्रायव्हरला दिली होती. फोनही ड्रायव्हरनेच केला. बॅटऱ्या एका भंगारवाल्याकडे मिळाल्या; आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडलेल्या, पाण्याचा थेंब नाही.

“आणि कटिया काढली का नाहीस?” मी विचारले.

“साहब, गाँव में रहना है। अँधेरा करके किसको मुँह दिखाता?”

सगळ्या तपासात मला पटलेले हे एकच कारण होते.

संचालकांवर गुन्हा दाखल झाला. पुढे त्यांचे काय झाले, ते न्यायालय आणि वरच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे मेहुणे जाणोत. मंत्र्यांचा दौरा ‘अपरिहार्य कारणास्तव’ रद्द झाला. इंजिनिअरवरचा संशय फिटला. पण दरोगाजी पक्के. संशयिताचा रविवार डायरीत कोराच आहे, तो भरल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही, म्हणाले. नियमाने त्यांचे बरोबर होते.

मी रविवारी साध्या कपड्यांत चारबागला गेलो. मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या फलाटावर एका म्हाताऱ्या हमालाला इंजिनिअरचे वर्णन सांगितले. तो हसला.

“वो मराठी बाबूजी? हर इतवार किसी को लेने आते हैं। कोई उतरता नहीं।”

इंजिनिअर बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅटफॉर्म तिकीट. मला पाहून उठू लागला. मी हाताने बसा म्हटले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. गाडी आली. छावणीत बदली झालेल्या कुणा फौजीचे कुटुंब आमच्यासमोर उतरले. ट्रंका, बादली, गुंडाळलेल्या गाद्या. बाई नवऱ्यावर करवादली, “अहो, डबा राहिला ना वरती! मी सांगत होते, मी सांगत होते तुम्हाला!” फौजी डब्यासाठी पुन्हा गाडीत चढला. बाई सामान मोजत पुटपुटत राहिली. आम्ही दोघे समोर बघत ते मराठी कान भरून ऐकत होतो. ती मंडळी टांग्याकडे निघून गेल्यावर इंजिनिअर म्हणाला, “नागपूरकडची असावीत.”

“असावीत,” मी म्हणालो.

सोमवारी दरोगाजींनी डायरी उघडली. बाबूजी कुणाला घ्यायला गेले होते, काय लिहू, असे विचारले. ‘मेहमान’ लिहा, म्हटले. त्यांनी लिहिले. मग पेन उचलून म्हणाले, “आए थे, सर?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत या केसने मला शिकवले ते इतकेच, की दोन खरे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर आकड्यांना दोष देऊ नये. मधे कुठेतरी न दाखवलेली तार असते. दरोगाजींना मी म्हणालो, “आए थे। लिख दीजिए.” त्यानंतर बदली होईपर्यंत बरेच रविवार मीही प्लॅटफॉर्म तिकीट काढत असे.