कांगसाहेबांची लेन्स

चांगह्वा शहरात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, मी चालवते. दर शनिवारी शटर अर्धं वर जातं न जातं तोच त्याच्याखालून एक टक्कल आत येतं. ते कांग रुइ-तांग यांचं. नळखात्यात मीटर वाचायची नोकरी करून ते निवृत्त झाले. 'साहेब' ही पदवी त्यांना मी दिली, तीही रागाने. इतकी वर्षं येऊन ज्याने लेन्सचं साधं झाकणसुद्धा विकत घेतलं नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं?

माणूस वाईट नाही. येताना गरम बा-वान, म्हणजे सारण भरलेले लुसलुशीत गोळे, आणतात, माझी तिखट चटणी वेगळी बांधून. पण काही विकत घ्यायचं म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. भाताचा कुकर घेताना त्यांनी इतका कीस पाडला की तोवर ठरवलेला कुकर कंपनीने बनवायचाच बंद केला. मग पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांच्या बायकोला एकदा विचारलं, "वहिनी, तुमचं लग्न कसं हो जमलं?" ती म्हणाली, "मीच विचारलं. नाहीतर अजून तुलना चालू असती."

लेन्सचं खूळ मात्र त्यांच्या आईमुळे लागलं. म्हातारी शहाऐंशीची. आमच्याकडे वय झालं की माणसं मेल्यावर देवघरात लावायचा आपला फोटो आपणच काढून ठेवतात. कपडे आपल्या पसंतीचे, हसू आपल्या पसंतीचं. मागे राहिलेल्यांच्या हाती सोपवलं की काय लटकेल याचा नेम नाही. तर कांगच्या आईलाही फोटो हवा होता. एकदा त्या स्टुडिओत गेल्या. फ्लॅश उडाला की डोळे मिटायच्या. शेवटी स्टुडिओतल्या पोराने संगणकावर डोळे उघडून दिले, सुरकुत्या पुसल्या, गाल गुलाबी केले. म्हातारीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "ही दुसऱ्याच कुणाची तरी सासू आहे."

उन्हात बसवावं तर ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ऊन टोचतं. त्या मोकळ्या बसतात एकाच ठिकाणी, मधल्या खोलीत देवघरासमोर. तिथे त्या नवऱ्याच्या फोटोशी गप्पा मारतात, भाव काय झालेत ते सांगतात, सुनेच्या कागाळ्या करतात. पण त्या जुन्या लांबट घराची मधली खोली म्हणजे भर दुपारी संध्याकाळ. देवापुढचे दोन लाल दिवे, बस्स. एवढ्या उजेडात फोटो काढायचा तर अंधारातही उजेड गोळा करणारी लेन्स हवी. अशा लेन्सवर आकडा असतो, आणि तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. शून्य पॉइंट पंच्याण्णव म्हणजे अगदी राक्षसी तोंडाची. नामांकित कंपनीची घ्यायची तर कांगसाहेबांचं पेन्शन गहाण पडेल. म्हणून त्यांनी कुणी न ऐकलेल्या स्वस्त लेन्स धुंडाळायला सुरुवात केली.

मग काय विचारता! एक्स-रेच्या मोडीत निघालेल्या यंत्रातली लेन्स, जुन्या थिएटरातल्या प्रोजेक्टरची लेन्स, समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर कुठल्याशा शेडमध्ये बनलेली, अंगावर नावही नसलेली लेन्स. प्रत्येकीची कुंडली त्यांना पाठ. फिनलंडमधल्या एका दातांच्या डॉक्टरशी त्यांची पत्रमैत्री जुळली, कारण तिकडे हिवाळाभर अंधार आणि तो डॉक्टर असल्या लेन्स जमवतो. भाषांतर फोन करायचा. डॉक्टरच्या कुत्र्याला संधिवात आहे हे मला शनिवारी सकाळी कळायचं. लेन्स तपासायची तर विटांच्या भिंतीचा फोटो काढून कोपरे बघायचे, असं त्यानेच शिकवलं. कांगसाहेब माझ्याकडून तासाभरापुरती लेन्स घेऊन गल्लोगल्ली भिंतींचे फोटो काढत हिंडू लागले. मंदिरामागच्या गल्लीत लोकांना वाटलं, रस्ता रुंद करायला सरकारी माणूस आलाय. त्यांनी फळांची टोपली दिली आणि आमची भिंत तेवढी वाचवा म्हणून विनवलं. कांगसाहेबांनी फळं परत केली, पण वीट फार सुबक आहे असं सांगून आले. ती गल्ली महिनाभर काळजीत होती.

एकदा मला राहवलं नाही. वडिलांची ठेवणीतली लेन्स मी त्यांना दिवसभर वापरायला दिली. अशी तीक्ष्ण की माशीच्या पायाचे केस मोजावेत. उजेड जरा कमी घ्यायची, पण कॅमेरा तिपाईवर ठेवून, आईला श्वास रोखायला लावून त्यांनी फोटो काढलाच. सोमवारी ते पडलेल्या चेहऱ्याने आले.

"काय झालं?"

"आई म्हणाली, ही कोण?"

"मग?"

"मी म्हटलं, तू. तर म्हणाली, तुझे बाबा गेले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. मी बावीसची. त्यांच्या शेजारी हा फोटो लावलास तर ते म्हणतील, माझी आजी इथे कुठून आली? ते मला ओळखणार कसे आणि वर न्यायला येणार कसे?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "मग तुम्ही काय ठरवलंत?"

"साधं आहे," कांगसाहेब म्हणाले. "ओळख पटत नाही म्हणजे बारकावे कमी पडताहेत. याहून तीक्ष्ण लेन्स हवी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी कपाळाला हात लावला आणि बा-वान खाल्लं.

पुढे मध्य-शरदाच्या सणाच्या सुमारास कांगच्या शेजारच्या श्याव मावशी अचानक गेल्या. फोटो काढून ठेवलेला नव्हता. मुलांनी सहलीच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. पूर्ण अंत्यविधीभर श्याव मावशी फुलांच्या मधून बघत होत्या आणि त्यांच्या खांद्यावर कुणा परक्या बाईचा अर्धा कान होता. कांगची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने त्या कानावरून नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर स्कूटर थांबली. सून पुढे, सासू मागे, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून म्हातारी आत आली.

"पोरी, माझा आ-तांग तुझ्याकडे येऊन काय बघतो ते मला दाखव."

"काकू, बसा तरी."

"बसायला वेळ नाही. श्यावबाई गेली बघ. मी किती दिवस त्या फिनलंडवाल्याच्या कुत्र्याची वाट बघू?"

मी ट्रे काढला. त्यांनी एकेक लेन्स उचलली, तळहातावर तोलली, टिचकी मारली, कानाशी नेली. सणाच्या बाजारात पपनस निवडतात तसं. शेवटी कोपऱ्यातली काळी, जाड, नाव नसलेली एक उचलली.

"ही दे. जड आहे. जड ते रसाळ."

ती लेन्स मला चांगली माहीत होती. कांगसाहेबांनी ती कधीच बाद केली होती. उजेड भरपूर घ्यायची, पण चित्र असं यायचं की भाताच्या वाफेतून बघतोय. धंदा धंद्याच्या जागी, पण म्हातारीला फसवायचं माझ्या जिवावर आलं.

"काकू, ही धूसर दाखवते."

"माझे डोळेही धूसरच दाखवतात. संसार झाला ना?"

मी लेन्स बांधून दिली. किंमत सांगताना मलाच लाज वाटली, इतकी ती स्वस्त होती.

शनिवारी शटर अर्धं व्हायच्या आत टक्कल आलं. या वेळी बा-वान नव्हतं.

"फांगताई, माझ्या आईला तुम्ही हे विकलंत? तुम्ही? या लेन्सबद्दल जगात एक माणूस बरं बोललेला नाही."

"कांगसाहेब, फोटो काढलात का?"

"काढला. परत करायची तर पुरावा लागेल म्हणून काढला." त्यांनी पिशवीतून मोठा प्रिंट काढून काउंटरवर आपटला. "बघा. कोपरे गेले. कडा गेल्या. डावा डोळा आणि कानातला मोती, एवढंच स्पष्ट. बाकी सगळं वितळलंय. आणि हा उजेड बघा, नुसता सांडलाय चेहराभर."

मी बघितलं. देवघराच्या लाल दिव्यांचा उजेड गालांवर सांडला होता खरा. सुरकुत्या त्यात बुडून गेल्या होत्या, कुणी पुसल्यासारख्या नाही, आपणहून. केस पांढरे होते की लांबून ऊन पडलं होतं, सांगता आलं नसतं. मोत्याशेजारचा तो एक डोळा तेवढा लख्ख होता आणि समोर कुणीतरी आवडतं माणूस बसलंय असा बघत होता. काकू नवऱ्याशी बोलत असतानाच यांनी कळ दाबली होती.

"आईला दाखवलात?"

"हा? कुठल्या तोंडाने?"

मी दुकान बंद केलं. शनिवारी सकाळी दुकान बंद करायची माझी ती पहिलीच वेळ. कांगसाहेबांना पुढे घालून त्यांच्या घरी गेले.

काकू मधल्या खोलीत मटार सोलत होत्या. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला, मग तसाच ठेवून पुन्हा उचलला.

"हां," म्हणाल्या. "ही मी."

"आई, पण कोपरे पूर्ण धूसर आहेत," कांगसाहेब म्हणाले.

"कोपऱ्यात कोण बसलंय?"

त्या उठल्या आणि त्यांनी फोटो देवघरातल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला. तो फोटोही जुना, लहानशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून तोही तसाच विरघळलेला. सव्वीस वर्षांचा पोरगा आणि त्याच्याशेजारी ही. दोघं एकाच उजेडात बसल्यासारखी दिसत होती.

"आता घेऊन जाल ना बरोबर?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "की अजून ओळख सांगू?"

मी कांगसाहेबांकडे पाहिलं. वडील गेले तेव्हा ते पाळण्यात होते. लग्नाचा एकमेव फोटो पुरात वाहून गेला. आईवडिलांना शेजारी शेजारी त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते बघत राहिले, आणि पहिल्यांदाच कोपरे तपासले नाहीत. मग चष्मा काढून त्यांनी शर्टाने पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

लेन्स परत आली नाही. उलट त्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या केस विंचरून कांगकडे रांग लावू लागल्या, आणि वहिनींना चहा करून करून वीट आला. फिनलंडच्या डॉक्टरने तो फोटो पाहून विचारलं, ही कोणती लेन्स? कांगसाहेबांनी सांगितलं, माझ्या आईने निवडली, पद्धत विचारू नका.

आता ते दर शनिवारी चौकटीबद्दल बोलायला येतात. फोटोला कापराचं लाकूड की सायप्रसचं, काच साधी की चमक न येणारी, खिळा किती जाडीचा. तैनानला एक सुतार आहे म्हणे आणि पुली गावात दुसरा. लाकडाचे तुकडे पिशवीत घेऊन हिंडतात. गेल्या आठवड्यात काकूही बरोबर होत्या. मी त्यांच्या बाजूने कांगसाहेबांना दटावलं, "अहो, लेन्सला एवढी वर्षं लावलीत, आता चौकटीला तरी लावू नका. काकू थांबल्यात."

काकूंनी माझ्या हातावर चापट मारली.

"तू गप बस, पोरी," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळून, "आ-तांग, चौकटीची घाई करू नकोस. दोन्ही सुतारांकडे जाऊन ये. नीट चौकशी कर."